घरच्या लेथवर ४० मिमीचा न्यूमॅटिक सिलिंडर

सांगली-मिरजेकडे घरामागच्या शेडमध्ये जुना लेथ टाकून बसलेली माणसं काही कमी नाहीत. कोणी कुपवाडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, कोणी आयटीआय करून स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलेला पोरगा, तर कोणी निव्वळ हौशी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोडच्या उजाड माळावर कारखाना काढला, तेव्हापासून या जिल्ह्याला लोखंड कातायची सवय लागली आहे. हा लेख या लोकांसाठी आहे. लेथ चालवता येतो, मायक्रोमीटर वाचता येतो, पण हवेवर चालणारी वस्तू अजून केलेली नाही, असं मी धरून चाललो आहे.

वस्तू म्हणून दोन्ही बाजूंनी हवा घेणारा साधा सिलिंडर निवडला आहे. बोअर (नळीचा आतला व्यास) ४०, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १००, रॉड १६ मिमी. रचना साधी: एक नळी, तिच्या दोन टोकांना दोन कव्हर, ती एकमेकांकडे आवळून धरणारे चार लांब टाय रॉड, आणि आत रॉडवर बसलेला पिस्टन. तासगावकडच्या बेदाणा प्रतवारीच्या यंत्रावर हॉपरची (माल ओतायच्या नरसाळ्याची) सरकती पाटी उघड-बंद करायला हे माप बरोबर बसतं. हळदीच्या पॉलिश ड्रमच्या दरवाजालाही चालेल. पैसे वाचवायचे म्हणून मात्र या फंदात पडू नका. याच मापाचा तयार सिलिंडर बाजारात सहज मिळतो, आणि आपला वेळ धरला तर तो स्वस्तच पडतो. घरी करायचं ते वेगळ्या लांबीचा हवा असेल म्हणून, जुना दुरुस्त करता यावा म्हणून, किंवा हात बसावा म्हणून.

आधी हिशेब

४० मिमी बोअरचं क्षेत्रफळ १२५६ चौ. मिमी. ६ बार म्हणजे दर चौ. मिमीला ०.६ न्यूटन. म्हणजे ढकलताना साधारण ७५४ न्यूटन, आपल्या भाषेत ७७ किलो. ओढताना रॉडचं क्षेत्रफळ वजा होतं, म्हणून ६३३ न्यूटन, ६४ किलोच्या आसपास. घर्षणात यातले दहा-पंधरा टक्के जातात. तरी बोट सापडलं तर मोडायला हे भरपूर आहे.

आता नळीवर किती ताण येतो ते बघा. भिंत २.५ मिमी धरली तर ०.६ गुणिले ४०, भागिले ५, म्हणजे ४.८ न्यूटन प्रति चौ. मिमी. अ‍ॅल्युमिनियमला हे काहीच नाही. चार एम ६ टाय रॉडवर प्रत्येकी १९० न्यूटन, तेही किरकोळ. मजबुतीच्या बाबतीत या मापाला फारसं डोकं लावावं लागत नाही. घरगुती सिलिंडर फसतो तो अडकून, नाहीतर गळून. या दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: जे व्यास एकाच मध्यावर हवे होते, ते वेगवेगळ्या पकडीत कातलेले असतात.

जुन्या थ्री जॉ चकात जॉब काढून पुन्हा धरला की मध्य ०.०५ ते ०.१ मिमी सहज सरकतो. आपल्या कव्हरचा खांदा नळीत ज्या फटीने बसतो ती फटच ०.०५ ची. म्हणून या सगळ्या कामात एकच नियम पाळायचा: जे एका मध्यावर हवं, ते एका पकडीत पूर्ण करायचं. पुढे मी क्रम जो देतोय तो सगळा या नियमावरून आलेला आहे, त्यामुळे तो बदलू नका.

सामान

नळी विकत घ्या. सिलिंडरसाठी आतून गुळगुळीत केलेली, अ‍ॅनोडाइज केलेली अ‍ॅल्युमिनियम ट्यूब तुकड्यावर मिळते. आतला व्यास ४०, बाहेरचा ४५. साधा पाइप आणून आतून बोअर करायचा मोह होतो, पण गणित जमत नाही. दीडशे मिमी खोल बोअरला २५ मिमीचा बोरिंग बार लावला तरी बार व्यासाच्या सहापट बाहेर येतो. स्टीलचा बार चारपटीपर्यंत नीट वागतो, पुढे थरथरतो. शिवाय शिवणीच्या पाइपला आतून वेल्डिंगची रेघ असते. त्या रेघेवर सील दोन दिवस टिकणार नाही.

रॉड म्हणजे १६ मिमीचा हार्ड क्रोम शाफ्ट, टॉलरन्स एफ ७ किंवा एफ ८ (म्हणजे १६ पेक्षा किंचित कमी). दोन्ही कव्हरना ७० मिमी व्यासाचा, एचई ३० जातीच्या अॅल्युमिनियमचा गोल बार. पिस्टनला त्याच बारचा तुकडा आणि डेलरिनचा (कडक प्लॅस्टिकचा) ४५ मिमीचा बार. रॉड ज्यात सरकतो तो बुश १६×१८×१५ मापाचा डीयू (आतून निसरडा पातळ थर असलेला, तयार मिळणारा). पिस्टनला ४० बोअरचे दोन यू सील (यू आकाराची, ओठ असलेली रबरी सीलं), रॉडला १६ चं एक यू सील आणि बाहेरून रॉड पुसणारा एक वायपर. ३६×२ च्या दोन ओ-रिंगा, १०×१.५ ची एक. ३० बोअरचं आतलं सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), एम ६ ची थ्रेडेड रॉड, एम १० चा नायलॉक नट.

सील आणि नळी हातात आल्याशिवाय लेथ चालू करू नका. यू सीलची उंची आणि जाडी कंपनीगणिक बदलते. मी खाली दिलेली मापं त्यानुसार एक-दोन मिमी इकडेतिकडे करावी लागतील. सील घेताना दुकानदाराकडून त्याच्या खाचेचं माप लिहून घ्या; कॅटलॉगचा फोटो काढू देतात.

कामाला बसण्याआधी: हातमोजे नकोत, गळ्यात उपरणं नको, हातात कडं किंवा घड्याळ नको. अ‍ॅल्युमिनियमची चिप लांब दोऱ्यासारखी निघते आणि चकाभोवती गुंडाळते. ती हाताने ओढायची नाही, आकडा ठेवा. चक की चकात विसरायची नाही, हे टर्नरला सांगायची गरज नसावी. पण शेडमध्ये घरची पोरं येत-जात असतात, म्हणून लिहिलं.

नळी

लांबी अशी धरली: स्ट्रोक १००, पिस्टन २६, दोन्ही कव्हरचे खांदे १०-१०. एकूण १४६ मिमी.

पातळ नळी थ्री जॉमध्ये आवळली की तिचा गोलपणा जातो, तीन ठिकाणी दबते. तशीच कातली तर चकात गोल दिसते आणि काढल्यावर तिकोनी होते. म्हणून आधी नायलॉनच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याचा एक प्लग कातून घ्या, नळीत हाताने घट्ट जाईल असा, जॉच्या लांबीएवढा. तो आत घालून मगच चक आवळा, तेही बेताने.

दोन्ही तोंडं फेस करा. तोंड काटकोनात नसेल तर टाय रॉड आवळताना कव्हर तिरकं बसेल आणि सगळी मेहनत वाया जाईल. अ‍ॅनोडाइजचा थर कडक असतो, एचएसएसची धार लगेच मरते, कारबाइड टिप वापरा. मग आतल्या कडेला १५ ते २० अंशांचा, साधारण २ मिमी लांब चॅम्फर द्या आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती कड गुळगुळीत करा. यू सीलची ओठाची कड याच जागी कापली जाते. नखाने कड चाचपून बघा. नख अडकलं तर सीलही अडकणार.

आता बोअर मोजा. दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. बोअर गेज नसेल तर टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर. एच ८ ची नळी ४०.००० ते ४०.०३९ मध्ये येते, पण स्वस्त नळी ४०.०८ सुद्धा भरते. जे येईल ते खडूने लेथच्या हेडस्टॉकवर लिहून ठेवा. पुढचं प्रत्येक माप त्याच्यावरून काढायचं आहे, कागदावरच्या ४० वरून काढायचं नाही.

पुढचं कव्हर: खरं काम इथे आहे

या एका तुकड्यात नळीत बसणारा खांदा, रॉडचा बुश आणि रॉडचं सील अशा तिन्ही गोष्टी एका मध्यावर लागतात. म्हणून सीलची जागा आतल्या बाजूने उघडी ठेवली आहे. मग तिन्ही एकाच बाजूने, एकाच पकडीत कातता येतात. आतून बाहेर क्रम असा: पोकळी ३० मिमी व्यास, २३ खोल. पुढे सीलची जागा ८ खोल. पुढे बुश १५. शेवटी बाहेरून वायपर ५. एकूण जाडी ५१, त्यातला १० मिमी खांदा आणि ४१ मिमी अंग.

बारचा ५४ मिमी तुकडा कापा. एक तोंड नुसतं साफ करा. मग उलटा करून ते साफ तोंड जॉच्या तळाला टेकवून, २० मिमी पकडीत, पक्का धरा. इथून पुढे बुश बसेपर्यंत चक उघडायचा नाही.

कारबाइडने ७० मिमीच्या अ‍ॅल्युमिनियमला ९०० आरपीएमच्या आसपास चालतं. एचएसएस बिट असेल तर ४०० ठेवा. कटिंगला पूर्वी सर्रास रॉकेल वापरायचे. आता ते मिळेलच असं नाही, तर सोल्युबल ऑइल घ्या. कोरडं कातलं तर धारेवर अ‍ॅल्युमिनियम चिकटतं आणि पृष्ठभाग ओरबाडतो.

फेस करा. बाहेरचा व्यास जॉपर्यंत हलका कट मारून ६९ करा; उलटी पकड याच पृष्ठभागावर येणार आहे. खांदा १० मिमी लांब आणि तूर्त ४०.५ व्यासाचा कच्चा ठेवा. सेंटर ड्रिल, मग १० चं ड्रिल, मग १७ चं, आरपार. बोरिंग टूलने ३० ची पोकळी कच्ची काढा. सीलची जागा सीलच्या मापाने (बहुतेकदा २४ च्या आसपास) एकूण ३१ खोलीपर्यंत. पुढचं १७ चं भोक बोअर करून १७.८ करा आणि १८ एच ७ चा रीमर टेलस्टॉकमधून, हळू, तेल घालून. ड्रिलवर थेट रीमर घालू नका. रीमर भोकाच्या मागे जातो. भोक वाकडं असेल तर तोही वाकडाच जाणार, बोरिंग टूल मात्र ते सरळ करतं.

सर्क्लिपची खाच ३१.४ व्यास, १.३ रुंद. ती पोकळीच्या तळापासून मोजा: तळाला १.५ मिमी जाडीचं वॉशर बसतं, त्याच्या लगेच वर खाच. वॉशर सीलला आत सरकण्यापासून अडवतं. रॉड आत जाताना सीलला बरोबर ओढतो, म्हणून ते लागतं. हवेचा दाब तर सीलला बाहेरच्या खांद्यावरच दाबून धरतो.

आता थांबा. जॉब तापलेला असतो. वीस अंशांनी जास्त गरम असलेला ४० मिमी अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ ०.०२ ने फुगलेला असतो, आणि आपण तेवढ्याच मापाशी खेळतोय. चहा घ्या. हात लावून गार वाटला की खांदा शेवटच्या मापाला आणा: मोजलेल्या बोअरपेक्षा ०.०५ कमी. नळीच तिथल्या तिथे घालून बघा. ती हाताने सरकली पाहिजे, डुगडुगता कामा नये.

मग ओ-रिंगची खाच. २ मिमीच्या ओ-रिंगला खाचेचा तळ ३७.० व्यासाचा (नळी ४०.०० धरून, नळी मोठी असेल तर तेवढा वाढवा), रुंदी २.७. खाच खांद्याच्या साधारण मध्यावर घ्या, म्हणजे नळीच्या चॅम्फरमध्ये ओ-रिंग येत नाही. बिट २ मिमी रुंद घासून दोन कटात रुंदी भरा. एकदम २.७ चा बिट घातला तर हलक्या लेथवर किरकिर होते आणि तळ लाटेसारखा येतो. त्या लाटेतून हवा वाट काढते. खाचेच्या कडा लाकडी काडीला एमरी लावून मारा. बोटाला एमरी गुंडाळून फिरत्या जॉबला लावणारे बोट गमावतात.

अजून चक उघडायचा नाही. बुश इथेच बसवा. १५.८ आणि १७.८ अशी दोन पायऱ्यांची पिन कातून ठेवलेली असेल तर बुश तिच्यावर चढवा, टेलस्टॉकमध्ये धरा, मशीन बंद आणि गिअर न्यूट्रलला ठेवून हँडव्हीलने दाबा. जॉब जॉच्या तळाला टेकलेला आहे म्हणून मागे सरकत नाही. टेलस्टॉकच्या दाबाने बुश सरळ जातो. हातोडीने ठोकलेला बुश हमखास कडेला चेपतो. बसल्यावर डीयू बुशला आतून रीमर लावू नका, त्याचा निळसर-करडा थर फार पातळ असतो. शाफ्टचा तुकडा घालून फिरवून बघा, एवढं बस.

मग जॉब उलटा, ६९ च्या पृष्ठभागावर पकड, डायल लावून ०.०३ च्या आत. लांबी ५१ ला आणा, वायपरची जागा काढा. वायपर रबरी आहे, थोडा मध्य चुकला तरी सांभाळून घेतो. म्हणूनच तो दुसऱ्या पकडीला ठेवला. बेदाण्याच्या कामात मात्र वायपर टाळू नका. डिपिंग ऑइल आणि साखर मिळून रॉडवर एक चिकट थर बसतो, तो आत गेला की रॉडचं सील महिनाभरात गळायला लागतं.

मागचं कव्हर

सोपं आहे. खांदा आणि खाच तीच, पोकळी ३० व्यास आणि २० खोल. पिस्टनचा नट इथे मावतो. आरपार भोक नाही. एकूण जाडी ३५. मागच्या तोंडावर माउंटिंगची भोकं तुमच्या यंत्राप्रमाणे, पण तळात १५ मिमीच माल उरतो हे धरून खोली ठेवा.

टाय रॉडची भोकं दोन्ही कव्हरना ३८ मिमी बाजूच्या चौकोनात येतात, म्हणजे ५३.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर. हे वर्तुळ लेथवरच, टूलचं टोक हलकं टेकवून आखा, म्हणजे मध्य शोधायला नको. डिव्हायडर ३८ ला लावून चार खुणा करा, पंच मारा, पिलर ड्रिलवर ७ मिमीची भोकं पाडा. एम ६ ला ७ चं भोक सैल वाटेल, पण इथे मध्य खांदा सांभाळतो, टाय रॉड नुसते आवळतात.

हवेची वाट: पाव इंची पोर्टला (हवेची नळी जोडायच्या आट्यांच्या भोकाला) इथे जागा कमी पडते, एक अष्टमांश इंची बीएसपी, म्हणजे पाइपचे आटे, घ्या. कव्हरच्या गोल अंगावर वॉशर बसायला सपाट जागा लागते. फोर जॉमध्ये कव्हर आडवं धरून २० मिमी रुंदीची सपाटी फेस करा आणि त्याच पकडीत टेलस्टॉकमधून भोक पाडा. पोर्टचा मध्य नळी टेकते त्या तोंडापासून ७.५ मिमीवर. ८.८ चं ड्रिल १० मिमी खोल, पुढे ५ चं पोकळीत उतरेपर्यंत. टॅपही टेलस्टॉकच्या आधाराने सरळ घाला. पुढच्या कव्हरमध्ये सर्क्लिपची खाच या भोकाला चाटून जात नाही ना, हे ड्रिल करण्याआधी एकदा तपासा. आतल्या बाजूची बर कानशीने नाही निघत, वाकड्या स्क्रेपरने काढावी लागते, आणि ती काढावीच. तिथे राहिलेला अ‍ॅल्युमिनियमचा कण पहिल्याच स्ट्रोकला पिस्टनच्या सीलखाली जातो.

पिस्टन

चार तुकडे: दोन अ‍ॅल्युमिनियमच्या डिस्क ८-८ मिमीच्या, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा ३० व्यासाचा, १० मिमी जाड ठोकळा, आणि त्याच्याभोवती डेलरिनची ९.९ मिमी रुंद रिंग. रिंग ०.१ ने अरुंद मुद्दाम ठेवायची, म्हणजे नटचा दाब धातूवरून धातूवर जातो. प्लॅस्टिकवरून नट आवळला तर ते हळूहळू दबतं आणि नट सैल होतो.

प्रत्येक डिस्कला सीलच्या आतल्या व्यासाएवढा हब आणि बाहेरच्या बाजूला ३८.५ ची पातळ फ्लँज. यू सीलची पाठ डेलरिनकडे, उघडं तोंड बाहेर, म्हणजे दोन्ही सील एकमेकांना पाठ करून. सील आणि फ्लँज यांच्यात अर्धा ते एक मिमी मोकळा ठेवा. ओठ दाबला गेला तर दाब त्यात शिरत नाही आणि सील नुसता घासत राहतो. सील उंच असेल तर डिस्क जाड करा आणि नळीची लांबीही तेवढीच वाढवा.

डिस्कचा हब, फ्लँज आणि १० चं रीम केलेलं भोक एका पकडीत, मग पार्टिंग. रॉडच्या बाजूच्या डिस्कला १४ व्यासाची, १.१ खोल पायरी द्या, तिच्यात १.५ मिमीची ओ-रिंग बसते. ती नसेल तर हवा रॉडच्या कडेने पिस्टन ओलांडते, आणि सील निर्दोष असूनही सिलिंडर आतून गळतो. ही गळती शोधताना माणसं सगळे सील बदलून बसतात.

डेलरिनच्या रिंगचा बाहेरचा व्यास बोअरपेक्षा ०.२ मिमी कमी. जास्त वाटतो, पण डेलरिन अ‍ॅल्युमिनियमच्या चार-पाचपट फुगतं. जानेवारीच्या सकाळी १५ अंशांत कातलेली रिंग मे महिन्यात ४२ अंशांच्या शेडमध्ये नळीपेक्षा ०.०९ ने जास्त वाढते. ०.०५ च्या फटीवर खूश होऊन केलेला पिस्टन उन्हाळ्यात दाब कमी झाल्यासारखा मंद चालतो आणि दोष कॉम्प्रेसरला जातो. डेलरिनऐवजी नायलॉन घेऊ नका, ते पावसाळ्यात ओल धरूनही फुगतं.

रॉड

एकूण लांबी २३१ मिमी. त्यात पिस्टनकडचा १० व्यासाचा भाग ३८, बाहेरच्या टोकाला एम १२×१.२५ चे आटे २२ मिमी. रॉड स्पिंडलच्या भोकातून मागे घाला आणि चकाबाहेर ५० मिमीच ठेवा. जॉखाली तांब्याचा पत्रा द्या, क्रोमवर जॉचा डाग पडला की तो डाग सील खातो. थ्री जॉचा रन आउट ०.०२ पेक्षा जास्त दिसला तर फोर जॉला जा, डायल लावून मध्य काढा.

क्रोम कडक आहे. पहिला कट किमान अर्धा मिमी खोल घ्या, कारबाइडने, म्हणजे धार क्रोमच्या खालच्या मऊ स्टीलमध्ये शिरते आणि क्रोम वरून सोलून निघतो. वरवर ०.१ चा कट मारला तर टिप घासून संपते. १० चा भाग ९.९८ ठेवा, २५ मिमी लांब. पुढचा आट्यांचा भाग ९.८५. डाय टेलस्टॉकच्या तोंडाने सरळ दाबून हाताने चालवा. खांद्याच्या कोपऱ्यात टूलची त्रिज्या राहते, म्हणून डिस्कच्या भोकाला तेवढा चॅम्फर द्या, नाहीतर डिस्क टेकतच नाही. १६ च्या कडेला लांबट चॅम्फर देऊन पॉलिश करा. रॉड याच कडेने सीलमध्ये शिरतो.

जोडणी आणि पाण्याची टेस्ट

सगळं डिझेलने धुऊन कोरडं करा. सीलना ग्रीस लावा. बेदाण्याच्या यंत्रावर जाणार असेल तर फूड ग्रेड. आधी पिस्टन नळीत, मग कव्हर. टाय रॉड २२८ मिमीचे. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, छोट्या पान्याने. प्रत्येक फेरीनंतर रॉड हाताने ओढून बघा. आवळण्याआधी सरकत होता आणि नंतर जड झाला, तर नळीचं तोंड काटकोनात नाही. नट कमीजास्त करून ते लपवू नका, नळी परत फेस करा.

पहिला दाब पाण्याचा द्यायचा, हवेचा कधीच नाही. ६ बारला या सिलिंडरच्या १२५ सीसी हवेत साधारण ९४ ज्यूल साठतात. साडेनऊ किलोचं वजन एक मीटरवरून पडावं इतकी ती ऊर्जा आहे. पाणी दबत नाही, म्हणून काही सुटलं तरी थेंब गळतो आणि दाब शून्यावर येतो. प्लंबर लोकांकडे पाइपलाइन तपासायचा हातपंप असतो, तो दिवसभरासाठी आणा. सिलिंडर पाण्याने भरा, पोर्ट वर करून हवा पूर्ण काढा, ९ बार चढवा, दहा मिनिटं ठेवा. एकदा पिस्टन पुढच्या टोकाला, एकदा मागच्या. काटा खाली आला नाही पाहिजे.

नंतर उघडून सुकवा, परत ग्रीस, परत जोडणी.

हवेवर

एक बारने सुरुवात करा. चांगला सिलिंडर बिनलोड अर्ध्या बारच्या आत हलायला लागतो. दीड बारपर्यंत थांबून मग उसळत असेल तर कुठेतरी घासतोय. साबणाचं पाणी कव्हरच्या सांध्यांना, रॉडला आणि पोर्टला लावा. मग एका बाजूला हवा चालू ठेवून दुसरा पोर्ट उघडा आणि त्याच्या तोंडावर साबणाचा पडदा धरा. फुगा आला तर पिस्टनमधून गळतंय. पडदा तसाच राहिला तर ६ बारपर्यंत जा.

फाइव्ह-टू व्हॉल्व (पाच पोर्टचा, दोन स्थितींचा, हवा कधी या तर कधी त्या बाजूला सोडणारा), फिल्टर-रेग्युलेटर आणि दोन्ही पोर्टना फ्लो कंट्रोल लावा, बाहेर जाणारी हवा अडवणारे. एका पुढे-मागे फेरीला साधी हवा दीड लिटरच्या थोडी वर लागते, त्यामुळे घरगुती १ एचपीचा कॉम्प्रेसर पुरून उरतो. पाइपिंगला पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब वापरा. द्राक्षबागेच्या ड्रिपचा पीव्हीसी पाइप प्रत्येकाच्या शेडमध्ये पडलेला असतो आणि त्यावर ६ किलो दाबाचा शिक्काही असतो, पण तो शिक्का पाण्यासाठी आहे. हवेच्या दाबाने पीव्हीसी फुटलं की काचेसारखे तुकडे उडतात. गॅसच्या रिकाम्या सिलिंडरचा एअर टँक करणारे महाभागही भेटतात. त्यांच्या शेडमध्ये थांबू नका. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-महाबळेश्वरकडे काम असेल तर पावसाळ्यात टँकचं पाणी रोज सोडा, नाहीतर फिल्टर भरून वाहतो आणि स्टीलचे स्प्रिंग गंजतात.

हॉपरवर लावताना रॉड आणि पाटी एकमेकांना घट्ट बोल्ट करू नका. पाटी कधीच सिलिंडरच्या रेषेत नेमकी सरकत नाही, आणि तो तिरकेपणा बुशला बाजूने घासतो. एम १२ च्या आट्यांवर क्लेव्हिस किंवा रॉड-एंड (थोडं हलू देणारा सांधा) लावा, मागची बाजूही पिनवर ठेवा. पाटी स्ट्रोक संपायच्या आधी स्वतःच्या स्टॉपवर टेकू द्या, म्हणजे पिस्टन कव्हरवर आपटत नाही. आणि व्हॉल्वच्या आधी हाताने बंद होणारा, बंद केल्यावर पुढची हवा सोडून देणारा कॉक बसवा. पाटीत अडकलेला बेदाण्याचा गठ्ठा काढायला माणूस नकळत हात घालतो, तेव्हा तो कॉक बंद असला पाहिजे.